बारीक पाहण्याची किंमत

पावसाळा सुरू झाला की समाजमाध्यमांवर मुंग्या, कोळी, चतुर आणि नाकतोड्यांचे अगदी जवळून टिपलेले फोटो दिसू लागतात. कोळ्याचे ओळीने मांडलेले डोळे, माशीच्या डोळ्यांतली जाळी, फुलपाखराच्या पंखांवरचे खवले. असे फोटो पाहून कॉलेजातली मुलं मला हमखास विचारतात, “सर, ही लेन्स कितीला येते?” नव्या मॅक्रो लेन्सची किंमत ऐकली की त्यांचा चेहरा उतरतो. हा आपला प्रांत नाही, पैसेवाल्यांचा आहे, असं म्हणून ती विषय सोडून देतात.

मला हा निष्कर्ष इतिहासाच्या विरुद्ध वाटतो. बारीक जीवांकडे टक लावून पाहणाऱ्या माणसांची यादी काढली तर तिच्यात मासे विकणारा मुलगा, पोथ्यांच्या नकला करून पोट भरणारा विद्वान, कापडाचा दुकानदार, बर्फाळ गावातला शेतकरी आणि सरकारी कचेरीतला कारकून अशी माणसं सापडतात. त्यांच्यापैकी बहुतेकांजवळ पैसा बेताचाच होता. आणखी एक गोष्ट या इतिहासातून दिसते. साधन स्वस्त असलं तरी ते कसं बनवायचं हे एकानं दुसऱ्याला सांगितलं, तरच ती नजर पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.

बसऱ्याचे दोघे

कुरआनमध्ये मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावाच्या सूरह आहेत. अन्-नहल, अन्-नम्ल आणि अल्-अनकबूत. हजरत सुलेमानांचं लष्कर येताना पाहून आपल्या सोबतिणींना सावध करणारी मुंगी आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असते. अल्-बकरामध्ये तर डासाचं उदाहरण येतं. म्हणजे क्षुद्र समजल्या जाणाऱ्या जीवाकडे लक्ष देणं हे पोरकट काम आहे, असं मानायला या परंपरेत जागाच नव्हती.

या वातावरणात नवव्या शतकात बसऱ्याला अल्-जाहिज होऊन गेले. घरची गरिबी होती. लहानपणी ते कालव्याकाठी मासे विकत आणि पुढे पुस्तकांची दुकानं रात्रभरासाठी भाड्यानं घेऊन तिथंच वाचत बसत, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांच्या ‘किताब अल्-हयवान’ या सात खंडांच्या ग्रंथात उंट-हत्तींबरोबर माश्या, मुंग्या आणि डासही आहेत. मुंगी साठवलेला दाणा रुजू नये म्हणून तो फोडून ठेवते, अशी नोंद त्यात आहे. बसऱ्याच्या एका काजींची गोष्टही आहे. हे काजी मशिदीत खांबासारखे निश्चल बसत. एके दिवशी एक माशी त्यांच्या नाकावर बसली आणि तिथून डोळ्याच्या कोपऱ्यात शिरली. काजींनी बराच वेळ सहन केलं. शेवटी सगळ्यांसमोर हात हलवून तिला हाकलावंच लागलं. माणसाचा रुबाब केवढा आणि माशी केवढीशी, हे जाहिज यांनी हसत हसत दाखवलं. त्यांच्यापाशी भिंग नव्हतं. होती ती फक्त नजर आणि सवड.

त्याच बसऱ्यात साधारण ९६५ च्या सुमारास इब्न अल्-हैसम यांचा जन्म झाला. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी काहिऱ्यात काढला. तिथं युक्लिडच्या आणि टॉलेमीच्या ग्रंथांच्या नकला करून ते उदरनिर्वाह करत, असं सांगितलं जातं. ‘किताब अल्-मनाझिर’ हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ अकराव्या शतकाच्या पहिल्या दशकांतला. डोळ्यातून किरण बाहेर पडतात ही जुनी समजूत बाजूला सारून, प्रकाश वस्तूकडून डोळ्याकडे येतो हे त्यांनी प्रयोग आणि गणिताच्या आधारे मांडलं. सातव्या भागात प्रकाशाच्या वक्रीभवनाची चर्चा आहे. गोलाकार पारदर्शक माध्यमातून पाहिल्यास वस्तू मोठी दिसते, हेही त्यात येतं.

इथं एका गैरसमजाबद्दल बोलायला हवं, कारण तो आपल्याच लोकांच्या मोबाईलवर दर काही महिन्यांनी फिरत असतो. ‘कॅमेरा’ हा शब्द अरबी ‘कमरा’वरून आला आणि कॅमेऱ्याचा शोध इब्न अल्-हैसम यांनी लावला, असा तो संदेश असतो. दोन्ही गोष्टी खऱ्या नाहीत. कॅमेरा हा शब्द लॅटिन आहे, आणि उर्दू-हिंदीतला ‘कमरा’ पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. इब्न अल्-हैसम यांचा शब्द ‘अल्-बैत अल्-मुझ्लिम’, म्हणजे अंधारं घर. अंधाऱ्या खोलीत बारीक छिद्रातून उतरणाऱ्या प्रतिमेची तत्त्वं तपासण्याचं फार मोठं काम त्यांनी केलं. ग्रहणाच्या वेळी छिद्रातून पडणारी सूर्याची कोर आणि छिद्राचा आकार यांचा संबंध त्यांनी स्वतंत्र प्रबंधात उलगडला. पण त्यांनी फोटो काढणारं यंत्र बनवलं नव्हतं. ज्या माणसानं टॉलेमीसारख्या थोराचं म्हणणंही तपासल्याशिवाय स्वीकारलं नाही, त्याचा गौरव आपण न तपासलेल्या संदेशानं करावा, ही त्याची थट्टा आहे.

त्यांचं काम पुढं नेलं तेही साध्या साधनानं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या कमालुद्दीन फारिसी यांनी ‘मनाझिर’वर भाष्य लिहिलं. पावसाच्या थेंबात प्रकाश कसा फिरतो हे थेंबाच्या आत शिरून पाहता येत नाही. म्हणून त्यांनी पाण्यानं भरलेला काचेचा मोठा गोळा घेतला, त्यालाच थेंब मानलं आणि अंधाऱ्या खोलीत त्यावर प्रकाश सोडून इंद्रधनुष्याचं कोडं सोडवलं. काच, पाणी आणि एक खोली, एवढाच खर्च. त्याआधीच ‘मनाझिर’चं लॅटिन भाषांतर युरोपात पोहोचलं होतं, आणि १५७२ मध्ये ते बाझेलला छापूनही निघालं.

उघडी कृती, बंद दार

यानंतरची मोठी घडामोड युरोपात झाली. १६६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीनं रॉबर्ट हूक यांचं ‘मायक्रोग्राफिया’ प्रसिद्ध केलं. पिसवेचं घडी उलगडून पाहायचं भलंमोठं चित्र, माशीचे डोळे, बुचाच्या कापातले कप्पे असं सगळं त्यात होतं. त्या कप्प्यांसाठी हूक यांनी वापरलेला ‘सेल’ हा शब्द आज शाळेतलं पोरही वापरतं. पण मला या पुस्तकात चित्रांइतकीच महत्त्वाची वाटते ती प्रस्तावनेतली एक कृती. स्वच्छ काचेचा तुकडा दिव्याच्या ज्योतीत तापवून त्याचे केसासारखे धागे ओढायचे. धाग्याचं टोक पुन्हा ज्योतीत धरलं की तिथं काचेचा इवलासा मणी तयार होतो. त्याची देठाकडची बाजू घासून गुळगुळीत करायची आणि तो मणी धातूच्या पातळ पत्र्यातल्या टाचणीएवढ्या छिद्रावर मेणानं बसवायचा. झालं सूक्ष्मदर्शक. हूक स्वतः दोन-तीन भिंगांचं मोठं यंत्र वापरत, कारण मण्यातून पाहताना डोळ्यांना त्रास होतो. पण मण्यातून जास्त स्पष्ट दिसतं, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

हॉलंडमधल्या डेल्फ्ट शहरातले अंतोनी व्हान लेव्हेनहूक हे कापडाचे व्यापारी. विद्यापीठाचं शिक्षण नाही, त्या काळी विद्वानांना अत्यावश्यक असलेली लॅटिन भाषाही येत नव्हती. १६७३ पासून त्यांनी रॉयल सोसायटीला डच भाषेत पत्रं पाठवायला सुरुवात केली. बोटभर लांबीच्या पत्र्यांमध्ये बसवलेलं एकच बारीक भिंग, आणि नमुना धरायला एक टोकदार स्क्रू, एवढंच त्यांचं साधन. त्यातून त्यांनी तळ्याच्या पाण्यातले, मिरी भिजवलेल्या पाण्यातले, दातांवरच्या किटातले जीव पाहिले. १६७६ च्या त्यांच्या पत्रातले काही जीव म्हणजे जिवाणू होते. लंडनला कुणाचा विश्वास बसेना. शेवटी १६७७ मध्ये हूक यांनीच प्रयोग करून त्यांचं म्हणणं खरं ठरवलं.

लेव्हेनहूक यांनी पाचशेहून अधिक भिंगं बनवली. पण ती कशी बनवली, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. पाहुणे आले की साधी भिंगं दाखवत, उत्तम भिंगं स्वतःपुरती ठेवत. १७२३ मध्ये ते वारले. मृत्यूनंतर रॉयल सोसायटीला मिळालेले त्यांचे २६ चांदीचे सूक्ष्मदर्शक पुढं हरवले. पुढच्या कित्येक दशकांत त्यांच्या तोडीचं बघणारं क्वचितच कुणी निघालं, आणि त्यांच्या भिंगांचं गूढ साडेतीनशे वर्षं चर्चेत राहिलं.

या गूढाची उकल २०२१ मध्ये झाली. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्यांचे उरलेले सूक्ष्मदर्शक न उघडता न्यूट्रॉन किरणांनी आतून तपासले. त्यातलं सर्वांत ताकदवान, सुमारे २७० पट मोठं दाखवणारं भिंग उत्रेख्तच्या संग्रहालयात आहे. ते ज्योतीत वितळवलेल्या काचेच्या मण्याचं निघालं. म्हणजे हूक यांनी १६६५ मध्ये छापलेल्या कृतीशी जुळणारं! ज्या गोष्टीचं एवढं रहस्य झालं, ती कृती सगळ्यांसमोर उघड्या पानावर होती. लेव्हेनहूक यांची चिकाटी आणि हातातलं कसब यांना तोड नाही. पण एकानं कृती लिहून ठेवली आणि दुसऱ्यानं दार लावून घेतलं, हा फरकही विसरण्यासारखा नाही.

शेतकरी आणि कारकून

या सगळ्यांची एक अडचण होती. भिंगातून दिसलेलं दुसऱ्याला दाखवायचं तर चित्र काढावं किंवा काढून घ्यावं लागे, आणि पाहणाऱ्यानं चित्रकारावर विश्वास ठेवावा लागे. छायाचित्रण आलं तेव्हा ही अडचण लगेच आठवली. १८४० च्या सुमारास विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट यांनी सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकातून किड्यांच्या पंखांची छायाचित्रं घेतली. छायाचित्रणाच्या जन्माबरोबरच बारीक वस्तूंचं छायाचित्रण जन्मलं, असं म्हणायला हरकत नाही.

टॅलबट जमीनदार होते. पुढचं नाव मात्र अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या जेरिको गावच्या शेतकऱ्याचं आहे. विल्सन बेंटली यांचं बहुतेक शिक्षण घरीच आईकडे झालं. तिनंच दिलेल्या सूक्ष्मदर्शकातून ते हिमकण पाहू लागले. घरच्यांच्या मिळकतीला न परवडणारा कॅमेरा एकदाच विकत घेतला गेला आणि आयुष्यभर वापरला गेला. कॅमेरा सूक्ष्मदर्शकाला जोडून, थंडगार पडवीत, १५ जानेवारी १८८५ रोजी त्यांनी एका हिमकणाचं पहिलं छायाचित्र घेतलं. काळ्या कापडावर कण झेलायचा, काडीनं उचलून काचेवर ठेवायचा, पिसानं हलकेच सपाट करायचा आणि श्वास रोखून फोटो घ्यायचा. श्वास लागला तरी कण वितळायचा. अशी पाच हजारांहून अधिक छायाचित्रं त्यांनी घेतली. शेजारीपाजारी त्यांना वेडसर समजत. त्यांनी आपली पद्धत नियतकालिकांतून लिहिली आणि छायाचित्रं पाच सेंटला एक या दरानं विकली. १९३१ मध्ये त्यांचं दोन हजार चारशेहून अधिक छायाचित्रांचं पुस्तक आलं आणि त्याच वर्षी २३ डिसेंबरला ते न्यूमोनियानं वारले.

लंडनचे पर्सी स्मिथ शिक्षण खात्यात कारकून होते. फावल्या वेळात त्यांनी माशीच्या जिभेचा फोटो काढला. तो चित्रपट-निर्माते चार्ल्स अर्बन यांच्या नजरेस पडला आणि स्मिथ यांच्या हाती चित्रपटाचा कॅमेरा आला. १९०८ मध्ये त्यांनी पायांवर वस्तू तोलणाऱ्या माशीचा चित्रपट केला, तेव्हा प्रेक्षकांना ती चावीवरची खेळण्यातली माशी वाटली. पुढं घरातच चाकं, दोऱ्या आणि घंट्या जोडून त्यांनी फुलं उमलतानाचे चित्रपट केले. आज आपण दूरदर्शनवर पाहतो त्या निसर्गपटांची पाळंमुळं एका कारकुनाच्या घरात आहेत.

उलटी लेन्स

मग हा छंद महाग कधी झाला? १९३६ मध्ये ड्रेस्डेनच्या इहागी कंपनीनं ‘किने एक्झाक्टा’ बाजारात आणला. ३५ मिमी फिल्मच्या या कॅमेऱ्यात छायाचित्रकाराला लेन्समधून जे दिसे तेच फिल्मवर उमटे. जवळून फोटो काढणाऱ्यांसाठी ही मोठी सोय होती, कारण कॅमेऱ्याची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी असली की दोन सेंटिमीटरवरच्या किड्याची चौकट हमखास चुकते. १९५५ मध्ये हाइन्झ किल्फिट यांची ‘मॅक्रो-किलार’ आली आणि १९५६ मध्ये निकॉनची ‘मायक्रो-निक्कोर’. दुसरीचा जन्म किड्यांसाठी झालाच नव्हता. जपानी दस्तऐवजांतली गुंतागुंतीची कांजी अक्षरं मायक्रोफिल्मवर स्वच्छ उतरावीत म्हणून ती बनवली गेली. पुढं निसर्गप्रेमींनी ती उचलली, खास लेन्सचा बाजार वाढला, आणि मॅक्रो लेन्स नसेल तर मॅक्रो फोटोच नाही, अशी समजूत रुजली.

ही समजूत मोडणारी युक्ती हौशी छायाचित्रकार पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगत आले आहेत. साधी ५० मिमीची लेन्स उलटी लावायची. साधी लेन्स लांबच्या मोठ्या दृश्याची जवळच्या छोट्या फिल्मवर नीट प्रतिमा पडावी म्हणून घडवलेली असते. आपल्याला नेमकं उलटं हवं असतं. वस्तू छोटी आणि जवळ, प्रतिमा मोठी. म्हणून लेन्सचं तोंड फिरवलं की ती आपल्या कामाची होते. त्यासाठी लागणारी धातूची रिंग काही शे रुपयांत मिळते. दुसरा उपाय पोकळ नळ्यांचा, म्हणजे एक्स्टेन्शन ट्यूबचा. लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये ५० मिमी लांबीची नळी घातली तर ५० मिमीची लेन्स वस्तूची मूळ आकाराएवढी प्रतिमा देते. नळीत काच नसते, त्यामुळे ती स्वस्त असते.

यात फुकट काहीच नाही. मूळ आकाराची प्रतिमा घेताना सेन्सरपर्यंत पोहोचणारा प्रकाश चौथाईवर येतो. एफ ८ छिद्र ठेवलं तरी फुलफ्रेम कॅमेऱ्यावर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो. मुंगीचे डोळे धारदार आले तर पोट धूसर. उलट्या लेन्सनं किड्यापासून साधारण चार सेंटिमीटरवर जावं लागतं, फोकस कॅमेरा पुढं-मागं करूनच जुळवावा लागतो, आणि फ्लॅशसमोर बटर पेपर लावला नाही तर किड्याची पाठ पांढरीफटक येते. पण ही सगळी किंमत वेळेत मोजायची असते. बेंटलींनी ती श्वास रोखून मोजली होती.

माझ्याकडची उलटी लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्याची आहे. तिच्या छिद्राची कडी हातानं फिरते, आणि उलटं लावायला अशीच लेन्स सोयीची. मृग लागला की मातीतून लाल मखमली जीव वर येतात. मराठीत मृगाचा किडा, उर्दूत बीरबहूटी. नुसत्या डोळ्यांना तो मखमलीचा चालता ठिपका वाटतो. त्याचा फोटो मी मुलांना दाखवतो आणि पाय मोजायला सांगतो. आठ भरतात. म्हणजे ज्याला आपण पिढ्यान्‌पिढ्या किडा म्हणत आलो तो कीटक नाही, कोळ्याच्या गोतावळ्यातला आहे. औषधी तेलासाठी याला गोळा करून विकलं जातं. जो जीव नीट पाहिलाच नाही, त्याच्या असण्या-नसण्याचा हिशेब कोण ठेवणार? आपल्या गावाच्या बांधावरचे, मशिदीच्या हौदाकाठचे, शाळेच्या कुंपणावरचे बारीक जीव टिपायला बाहेरून कुणी महागडी लेन्स घेऊन येणार नाही. ते काम तिथल्याच कुणाला तरी करावं लागेल.

ज्याच्याकडे कॅमेराही नाही, त्याच्यासाठीही वाट आहे. मेरठमध्ये जन्मलेले आणि स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणारे मनु प्रकाश यांनी जिम सिबुल्स्की यांच्यासह कागदाचा सूक्ष्मदर्शक तयार केला. त्याचं नाव ‘फोल्डस्कोप’. २०१४ मध्ये त्यांनी त्याचा आराखडा सर्वांना वाचता येईल अशा नियतकालिकात छापला. सुट्या भागांचा खर्च एका डॉलरच्या आत. त्याच्या मध्यभागी काय आहे? काचेचा एक इवलासा मणी. हूक यांच्या प्रस्तावनेतला मणी साडेतीनशे वर्षांनी कागदात बसून खेड्यातल्या शाळेत पोहोचला. तो मोबाईलला जोडला की फोटोही निघतो.

आपल्या समाजात इब्न अल्-हैसम यांचं नाव व्याख्यानांत घेतलं जातं, पोस्टरवर छापलं जातं. सुवर्णकाळाची उजळणी होते आणि टाळ्या पडतात. त्या टाळ्यांनी कुणाच्या हातात भिंग येत नाही. अभिमान आयता मिळतो, वारसा मात्र चालवावा लागतो. एखाद्या जमातखान्यात किंवा उर्दू शाळेत रविवारी चार जुन्या लेन्स, चार रिंगा आणि दहा फोल्डस्कोप ठेवून मुलांना अंगणातली मुंगी पाहायला लावली, तर ‘मनाझिर’च्या लेखकाचं नाव न घेताही त्यांचं काम पुढं सरकेल. अट एकच. जे दिसलं ते लिहून ठेवायचं, आणि कसं पाहिलं ते शेजारच्या मुलाला सांगायचं.